मुका बझर

१२ फेब्रुवारी १९९८, जुन्नर

आज सकाळी तळेघरच्या घराला कुलूप लावलं, देवाला हात जोडले आणि बायकोला, साळूला, पाठुंगळी घेऊन एसटीपर्यंत आणलं. गेल्या वर्षी अर्धांगाच्या झटक्याने तिची वाचा गेली; फक्त उजवा हात हलतो. इथे दवाखाना जवळ आहे. कमरुद्दीनभाईंनी आपल्या रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानात काम दिलं, मागची खोलीही दिली. खोलीत छान ऊन येतं. त्यांच्या घरून नजमुन्निसाभाभींनी गरम भाकरी पाठवली.

काम सोपं आहे. भंगारातले बझर निवडायचे. सेलच्या तारा टेकवल्या की जो सरळ गाऊ लागतो तो बोलका. त्याच्या पोटातच सर्किट असतं. जो नुसता टक करतो तो मुका. त्याला बाहेरच्या सर्किटने सतत हलवावं लागतं. दिसायला दोघे सारखेच. भाई हसून म्हणाले, हौशीरामभाऊ, मुक्यावर चिडू नका, त्याला बोलतं करणारा दुसराच असतो.

१५ फेब्रुवारी

साळूच्या हाताशी बटण बसवलं, दुकानात बझर. पाणी हवं तर दाबायचं. घाईत मुका लागला. दाबलं की नुसतं टक. दोघं हसलो. तिचं अर्धं तोंड हसलं. उद्या बदलेन.

१६ फेब्रुवारी

दुपारी तो वाजला. लांब, एकसुरी. खोलीत धावलो. साळू झोपलेली, हात गोधडीत. ओठ मात्र हलत होते.

भाईंनी बझर काढून सेलवर पाहिला. टक. पुन्हा टक. म्हणाले, असं कधी व्हत न्हाई राव, फेका तो.

मी परत लावला. तिचे ओठ हलले होते.

१९ फेब्रुवारी

सेल काढून ठेवलाय. तरी वाजतो. आणि वाजला की साळूच्या गळ्यातून सूर येतो! तिचाच आवाज. वर्षभर देवापाशी हेच मागत होतो. दिवा लावला, रडलो.

२१ फेब्रुवारी

आज शब्द आले. म्हणाली, "हौशा, इकडं ये."

सत्तावीस वर्षांच्या संसारात तिने माझं नाव घेतलं नाही. नेहमी "अवं". बोलताना तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि उजवा हात नको नको करत होता.

२२ फेब्रुवारी

भाईंना सगळं सांगितलं. म्हणाले, मुका बोलतोय, तर हलवणारा कोण? तार कापा.

पण कापली तर तिचा आवाज पुन्हा —

२३ फेब्रुवारी

दिवसभर हौशा, हौशा. घास तोंडात असतानाही. साळू उजव्या हाताने स्वतःचंच तोंड दाबून धरते.

२४ फेब्रुवारी

मी उशाशी आणून ठेवलेली पक्कड तिने माझ्या हातात दिली. डोळे तिचेच होते.

देवाचं नाव घेतलं. तार कापली.

बझर थांबला. साळूही. छाती हलत नाही — म्हणजे तिचा श्वासही तोच चालवत होता —

भाईंना हाक मारायला तोंड उघडलं.

"हौशा."

खोलीत दुसरं कुणी नाही. ओठ माझेच हलताहेत. हात अजून माझा आहे, म्हणून लिहि —