डुकरांना घातलेली अकरा चाकं

आस्तुरियास, स्पेन
१४ ऑक्टोबर

लदिना बाळ,

आशीर्वाद. तू बरी असशील आणि तुझी ट्राम वेळेवर धावत असेल. आम्ही दोघं सुखरूप आहोत. माझा गुडघा कुरकुरतो, तुझी आई कुरकुरत नाही, म्हणजे सगळं नेहमीसारखंच.

नऊ वर्षांत बापाचं पहिलं पत्र, तेही स्पेनहून, म्हणून घाबरू नकोस. कोणी मेलेलं नाही. गाई डोंगरावरून उतरल्यावर आपल्या खोऱ्यातल्या चीज करणाऱ्यांची सहल निघाली, आणि आईने मला विचारल्याशिवाय दोन नावं घातली. चाळीस उन्हाळे त्याच चिजाच्या कढईत तोंड घालून बसलात, म्हणाली, आता जरा दुसऱ्यांचंही खाऊन बघा.

मी काय मोठ्या हौसेने निघालो नव्हतो, तुला माहीत आहे मी कसा आहे तो. पण पोरी, काय काय खाल्लं! पिरेनीजच्या पायथ्याशी एका मेंढपाळाने मेंढीच्या चिजाची चकती दिली, वर काळ्या चेरीचा मुरांबा. मी मनात म्हटलं, चिजावर मुरांबा? ही काय पोरकट तऱ्हा! आणि तीन वेळा मागून घेतलं. त्याआधी फ्रान्समध्ये एका तळघरात चिजाच्या चाकांची सालं जुन्या भिंतीसारखी पोपडे आलेली, त्यांत बारीक किडे वळवळतात. आपल्याकडे असं चाक दिसलं तर मी तळघर चुन्याने धुऊन काढलं असतं. तिथे ते पोखरणाऱ्या किड्यांचं कौतुक करतात. आत पिवळंजर्द, हेझलनटच्या चवीचं. जग एवढं मोठं आहे आणि मी त्याला एका तळघराएवढं समजून बसलो होतो, याची लाज वाटली, आणि फार आनंदही झाला.

काल इथल्या चीज पिकवायच्या गुहेत गेलो. तिथली बाल्बिना नावाची म्हातारी, माझ्याहून सात वर्षांनी मोठी. तरुणपणी बारा वर्षं आपल्या बर्नच्या हॉटेलात भांडी घासली, त्यामुळे आपली भाषा बोलते, शिव्यांसकट. कंदील घेऊन पुढे चालली. आत खडकाच्या भेगेतून गार वारा येत होता, आणि फळ्यांवर गाय, शेळी, मेंढी तिघींच्या दुधाची चाकं, अंगभर बुरशी घेऊन निवांत बसलेली. आतून पोकळ आहे का बघायला मी सवयीने एकावर बोटाने टकटक केली.

बाल्बिना म्हणाली, "दार वाजवताय का पाहुणे? आत कोणी नाही, बुरशी बाहेरूनच आत शिरते."

मग तिने पोकळ सळई चिजात घालून निळ्या रेघांचा तुकडा काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. मी तो तोंडात टाकला आणि मला दगडावर बसावं लागलं. तिला वाटलं, म्हातारा गेला. आई धावत आली.

आता तुला कळलं असेल माझा रोख कशाकडे आहे. त्या उन्हाळ्यात माझा पाय मोडला, तू एकटीने कढई सांभाळलीस. तळघर तापलं म्हणून अकरा चाकं चीज करायच्या झोपडीमागच्या कपारीत नेलीस, जिथून असाच गार वारा येतो. सप्टेंबरात उन्हाळाभराचं चीज घराघरांत वाटायला सगळं गाव जमलं, त्या अकरांतलं पहिलं चाक कापलं, आणि आत निळं. लोक माझ्याकडे बघायला लागले, कारण नासलं की चांगलं हे ठरवायचं काम माझं. मी म्हणालो, "डुकरांना घाला." चाकांवरची तुझी खूण मी स्वतः खरवडली. पोरं तुला निळी लदिना म्हणायला लागली आणि मी त्यांना गप्प केलं नाही. त्याच हिवाळ्यात तू गाव सोडून शहरात ट्राम चालवायला गेलीस.

एवढं तुला माहीत आहे. जे माहीत नाही ते लिहायला मला सकाळपासून तीन कागद लागले.

वाटपाच्या सकाळी, तू गाई बांधत होतीस तेव्हा मी कुबड्या टेकत कपारीत गेलो होतो. सळई घालून एका चाकाची चव घेतली आणि भोक बुजवून टाकलं. लदिना, ते नासलेलं नव्हतं. मी आयुष्यात केलेल्या कुठल्याही चाकाहून ते चांगलं होतं. कालच्या त्या तुकड्याची चव हुबेहूब तीच. मला ते तेव्हाच कळलं होतं. चांगलं म्हणालो असतो तर पुढच्या उन्हाळ्यात गावाने कढई तुझ्या हातात दिली असती, आणि मी कोण उरलो असतो? म्हणून म्हणालो डुकरांना.

हे मी काल गुहेतच बोलून गेलो, परक्या बाईसमोर. बाल्बिना म्हणाली, "म्हणजे त्या दिवशी गावात शहाणी एकटी डुकरंच होती." आई हसली नाही. तिलाही आजवर ठाऊक नव्हतं. बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली नाही. आज सकाळी कागद पुढ्यात टाकून म्हणाली, "सगळं लिहा. अर्धं लिहिलंत तर मी फाडून टाकीन."

पुढच्या महिन्यात, सेंट मार्टिनच्या दिवशी गावाची बैठक आहे. माझा गुडघा आता उभा राहू देत नाही आणि कढईवर उभं राहायला दुसरा माणूस नाही. कोणी सापडलं नाही तर दूध टँकरने खाली जाईल आणि झोपडीला कुलूप लागेल. तुझं नाव एकानेही काढलेलं नाही, कारण मी नऊ वर्षांपूर्वी काय म्हणालो ते सगळ्यांना पाठ आहे.

म्हणून दुसरं पत्र बैठकीच्या अध्यक्षांना टाकलंय. वर जे तुला लिहिलं तेच, शब्दाला शब्द. सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा, असं सांगितलंय. वाचताना मी समोरच्या बाकावर बसणार आहे. तू यावंस म्हणून हे करत नाही. तू आली नाहीस तरी ते वाचलं जाईल.

माफी मागत नाही. मागितली तर तुला द्यावीशी वाटेल, आणि तुझ्याकडून मी आधीच फार घेतलंय.

तुझा बाप दुरी,
ज्याने आधी चव घेतली आणि मग नासलं म्हणून सांगितलं