आजोबांना सांगायचं नाही

१२ मार्च, मंगळवार

लिहायला उशीर झाला. आठवडाभर वही उघडायचा धीर झाला नाही. लिहिलं की खरं होतं, असं वाटत राहतं.

नातीच्या हृदयात भोक आहे. जन्मापासूनचं. खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला. आपोआप बुजेल म्हणाले होते. सात वर्षं वाट पाहिली, बुजलं नाही. आता हृदय मोठं होत चाललंय म्हणतात. घरात तिला भिंगरी म्हणतो आम्ही. हल्ली भिंगरी जिन्याच्या मधल्या पायरीवर बसून घेते.

१४ मार्च, गुरुवार

मुलगा, सूनबाई, भिंगरी आणि मी, चौघे दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई वयानं लहान, पण सावकाश बोलतात. छाती कापायची नाही म्हणाल्या. मांडीच्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत न्यायची, तिच्यातून मिटलेली जाळीची छत्री सोडायची, ती भोकाच्या दोन्ही बाजूंनी उघडते आणि भोक बंद.

बरं वाटायला हवं होतं. पण माझा जन्म पाणीखात्यात पाइप जोडण्यात गेला. पाण्याच्या दाबाखाली ठिगळ कसं सुटतं ते मी पाहिलंय. तोंडातून गेलंच— "आणि नाही बसली तर?"

बाईंनी सरळ सांगितलं. भोकाशेजारी झडप आहे. छत्री तिला टेकली आणि झडप गळायला लागली, तर छत्री तारेनं परत ओढून घ्यायची. मग छाती उघडूनच भोक बंद करावं लागतं.

भिंगरी माझ्याकडे टक लावून बघत होती.

घरी आल्यावर सूनबाई स्वयंपाकघरात मुलाला म्हणाली, पोरीसमोर असलं विचारतं का कुणी? मुलगा म्हणाला, दादांना, म्हणजे मला, यापुढे काही सांगायचंच नाही. स्वतः घोर लावून घेतात, आपल्यालाही लावतात.

खोटं नाही त्याचं.

१९ मार्च, मंगळवार

आजच भरती करणार, उद्या छत्री. मला नेत नाहीत. घराला कुणीतरी हवं म्हणे. जसं काही कुलूप कधी लावलंच नाही आम्ही!

निघताना भिंगरीनं विचारलं, झडप म्हणजे काय? म्हटलं, पुढे जाऊ देते, मागे येऊ देत नाही, ती झडप. "मग तिला सांगा ना आजोबा, छत्रीपासून लांब उभी राहा म्हणून."

हसलो. मग बराच वेळ दाराशीच उभा.

२० मार्च, बुधवार

दूध उतू गेलं. दुसऱ्यांदा ठेवलं, तेही गेलं. शेजारचा न्हावी सोबतीला येऊन बसला. म्हणाला, काका, जेवायचं सोडून नखं काय खाताय? संध्याकाळपर्यंत फोन नाही. एवढा वेळ लागतो का?

मग मुलाचा फोन. "झालं दादा. सगळं ठीक आहे. तुम्ही जेवून घ्या."

एवढं बोलून त्यानं लगेच फोन ठेवला.

२१ मार्च, गुरुवार

झोप लागली! दाढी करून आलो. तिची खाट खिडकीपाशी सरकवून ठेवली.

२२ मार्च, शुक्रवार

आत्ता भिंगरीचा फोन येऊन गेला. आईच्या फोनवरून, अगदी हळू आवाजात. आई खाली औषधं आणायला गेलीय म्हणाली.

"आजोबा, छत्री काढून टाकली. झडप गळत होती. सोमवारी छाती उघडणार आहेत. बाबा म्हणाले, आजोबांना सांगायचं नाही. पण नाही बसली तर, असं तुम्हीच विचारलं होतं ना, म्हणून सांगितलं."

दुखतं का विचारलं. मांडीला दुखतं म्हणाली. मग कुणाची तरी चाहूल लागली असावी, फोन बंद.

मला कळलंय हे आता कुणाला कळू द्यायचं नाही. पोरीला बोलणी बसतील. मुलगा फोन करील, सगळं ठीक आहे म्हणेल. मीही बरं बरं म्हणेन.

भिंगरे, सोमवारचं झालं की तूच कळव गं बाई. दुसऱ्या कुणाचं मला खरं वाटायचं नाही. लवकर कळव.