नील्सच्या आईचं पान

पेण, सर्वपित्री अमावास्या, १९८७

चि. सौ. कारिन हिला पेणच्या सासूचे आशीर्वाद.

तू अमेरिकेहून पाठवलेलं तुमच्या घराण्याचं पुस्तक पोचलं. ह्यांनी रोह्याच्या शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, त्यांनीच मला ते मराठीत वाचून दाखवलं. तुझे पणजोबा नील्स एकोणिसाव्या वर्षी स्वीडन सोडून तिकडे आले. बोट, शेत, चर्च, सगळं आहे. आईबद्दल एवढंच, की ती मागे राहिली. बाईचं नावसुद्धा नाही!

तिची तिथी कुणाला ठाऊक? म्हणून आज आमच्या पितरांबरोबर तिचंही एक पान मी परसातल्या दगडी गडग्यावर ठेवलं. आमच्या पानाला कावळा लगेच शिवला. तिच्या पानाकडे फिरकेना.

कामाला येणारी हौसा म्हणाली, "काकू, इच्छा ऱ्हायली असंल तिची. बोला ना कायतरी."

मी म्हटलं, "बाई, तुझा नील्स सुखरूप पोचला." कावळा हलेना. "त्याचा संसार झाला, नातवंडं झाली." तरी नाही. शेवटी म्हटलं, "त्याला रोज तुझी आठवण यायची गो." तेव्हा कुठे त्याने वडा उचलला.

कारिन, हे वाक्य पुस्तकात नाही. ते माझ्या पदरचं.

तुला मराठी येत नाही, म्हणजे पत्र उल्हासच वाचून दाखवणार. नऊ वर्षं इकडे न आलेल्या मुलाला ते टोचेल, म्हणून हे पत्र पोस्टात टाकत नाही.

माझ्या पानापाशी मात्र त्याला पदरचं काही बोलावं लागू नये, एवढं बघ.

तुझी,
विमलआई