शनिवारी न्यायचा फोटो

प्रिय छोट्या,

बासष्टाव्या वर्षी छोट्या म्हटलेलं तुला आवडत नाही, सुनेसमोर तर मुळीच नाही, हे मला ठाऊक आहे. पण पत्रात कोण ऐकतंय! दर रविवारी फोनवर बोलतो आपण, मग ताईला हे पत्र कुठून सुचलं, असं पुटपुटत तू चष्मा शोधत असशील. शोध सावकाश. सापडला की नीट बैस, पत्र लांब आहे. पण त्याआधी एक ऐक. परवा तू म्हणालास की घराला रंग काढलाय, बाहेरच्या खोलीतला बाबांचा आणि आपल्या दोघांचा तो जुना फोटो आता परत लावणार नाही, तुला हवा असेल तर घेऊन जा, नाहीतर रद्दीत देतो. देऊ नकोस. हे पत्र शेवटपर्यंत वाचून होईपर्यंत तरी देऊ नकोस. नंतर तुझी मर्जी.

तुझं म्हणणं मला पाठ आहे. त्या फोटोत तिघंच आहेत, आई नाही, कारण ती आधीच्याच आठवड्यात आपल्याला टाकून गेली होती. टाकून दिलेल्या तिघांचा फोटो भिंतीवर कशाला मिरवायचा? बाबांसाठी इतकी वर्षं लावलास, आता बाबाही नाहीत. तुला जे सांगितलं गेलं त्यावरून तुझं अगदी बरोबर आहे. पण तुला जे सांगितलं गेलं ते खरं नव्हतं, छोट्या, आणि ते खरं नाही हे मला माहीत होतं. हे वाचून तू रविवारचा फोन बंद केलास तर? तो एकच फोन येतो मला आठवड्यात. त्या भीतीपायी तीन आठवडे मी कागद पुढे घेऊन नुसती बसतेय.

बाकी माझं विचारशील तर गुडघे कुरकुरतात, डोळे मात्र शाबूत आहेत. भिंतीवर आता जुन्या फोटोंतली एकशे चाळीस माणसं झाली. तू माझ्या या नादाला हसतोस आणि तुझी बायको नाक मुरडते, लोकांचे मेलेले आजोबा-पणजोबा ही घरात आणून का ठेवते म्हणून. गेल्या महिन्यात गॅसची शेगडी दुरुस्त करायला एक जण आला होता. भिंतीकडे बघत म्हणाला, बाई, केवढं मोठं घराणं तुमचं! मी हो म्हणाले. आता काय सांगत बसायचं? मग चहा दिला, आणि तो विचारत गेला तशी नाती जुळवत गेले. हे थोरले काका, ह्या दोघी जुळ्या आत्या, हा मिशीवाला त्यांचा भाऊ, फार तापट. तो गेल्यावर माझी मलाच लाज वाटली. पण खोटं कशाला बोलू, त्या दिवशी घर भरल्यासारखं वाटलं होतं.

आमच्या या नादातले बाकीचे लोकही एकेक नमुनेच. एक निवृत्त मास्तर आहेत. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या फोटोत उभ्या माणसाच्या बुटांमागे लोखंडी स्टँडचा पाय दिसला, की ते लगेच छातीठोकपणे सांगतात, हा माणूस मेलेला आहे, स्टँडला बांधून उभा केलाय. मी म्हटलं, अहो मास्तर, मेलेला माणूस कशाला हलतोय? त्या काळी फोटो निघायला कितीतरी सेकंद लागायचे, तेवढा वेळ मान हलू नये म्हणून मागून टेकू द्यायचे. टेकू लागतो तो जिवंत माणसालाच. दोन महिने बोलले नाहीत माझ्याशी. चौतीस वर्षं चष्म्याच्या दुकानात काचा घासल्या मी, भिंग धरून बारीक बघायची सवय हाडात मुरली आहे, त्याला मी काय करू!

आणि बघायचं ते चेहऱ्याकडे नाही, हे मी हळूहळू शिकले. चेहरे सगळ्यांचे सारखेच, इस्त्री केलेले. बघायचं ते खुर्चीकडे, मागच्या रंगवलेल्या पडद्याकडे, टेबलावरच्या खोट्या फुलांकडे. तीच खुर्ची पुन्हा दिसली की स्टुडिओ तोच. आणि मग फोटो उलटा करायचा. पाठीवर पेन्सिलीने नंबर असतो, काढलेल्या प्रत्येक फोटोचा एक, ओळीने. लागोपाठचे दोन नंबर हाती आले की कळतं, त्या दिवशी कोणाच्या पाठोपाठ कोण येऊन बसलं. अजून एक गोष्ट प्रत्येक स्टुडिओत असायची, न नेलेल्या फोटोंची पेटी. माणसं हौसेने फोटो काढून घ्यायची आणि मग न्यायला यायचीच नाहीत. लग्न मोडलेलं असायचं, गाव सुटलेलं असायचं. फोटोवाले ते टाकून देत नसत, न जाणो, आलंच कोणी तर!

मी हे सगळं कशापायी शिकले ते तू कधी विचारलं नाहीस. आता ऊठ आणि तो फोटो हातात घे. पाठीवर ४४१७ असं लिहिलेलं दिसेल. पुढून बघ, बाबा बसलेत त्या खुर्चीच्या हातावर पक्ष्याचं डोकं कोरलंय आणि त्याची चोच तुटलेली आहे. मी शेजारी उभी, परीक्षेला बसल्यासारखी. आणि बाबांच्या मांडीवर तू, चार वर्षांचा, केस उभे राहिलेले, तोंडभर हसतोयस. सगळे समोर बघतायत, तू मात्र कॅमेऱ्याच्या बाजूला बघतोयस. आत्या तुला सांगायची, फोटोवाल्याने खुळखुळा वाजवला म्हणून तू हसलास. खुळखुळा नव्हता रे. तिथे आई उभी होती.

त्या फोटोसाठी हट्ट तिनेच धरला होता. चार दिवसांनी ती जाणार हे घरात ठरून गेलं होतं, आणि जाताना मुलांचा एक फोटो मला नेऊ दे, एवढंच ती बाबांकडे मागत होती. ती का गेली ते मला आजही नीट ठाऊक नाही. बाबा सांगायचे ते एक, शेजारणी कुजबुजायच्या ते दुसरं, आणि तिला विचारायची वेळ कधी आलीच नाही. फोटोवाले म्हातारे होते, त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत. ते म्हणाले, बाई, तुम्ही इकडून उभ्या राहा. बाबा म्हणाले, तिला घ्यायचं नाही. आई थट्टा झाल्यासारखी हसली आणि आपल्या दोघांचे कोट हातावर घेऊन कॅमेऱ्याशेजारी जाऊन उभी राहिली. म्हातारबुवा काळ्या कापडाखाली शिरले तशी तू जो गळा काढलास! तेव्हा आईने पुढे येऊन तुझ्या डोक्यावरची लाल कानटोपी काढली, स्वतःच्या डोक्यावर चढवली, परत जागेवर जाऊन टोपीचे दोन्ही कान ओढले आणि डोळे तिरळे केले. तू हसलास आणि फोटो निघाला. तुझं ते हसू तिच्यासाठी आहे, आणि तेच तू रद्दीत द्यायला निघाला होतास.

मग तुला शू लागली आणि बाबा तुला घेऊन खाली गेले. ते दृष्टीआड झाले तशी आई झटकन त्याच खुर्चीत बसली आणि म्हातारबुवांना म्हणाली, माझा एकटीचा एक काढा, लवकर. मी कॅमेऱ्यापाशी होते. आपला फोटो ४४१७, म्हणजे तिचा ४४१८. फोटो झाल्यावर तिने तुझी टोपी घडी करून स्वतःच्या पिशवीत ठेवली. मी बघत होते. मग ती वाकली आणि माझ्या कानात तिने मला एक काम सांगितलं. काय ते शेवटी लिहिते.

टोपीचं पुढे काय झालं ते तुला आठवतं, तू स्वतःच मला कितीदा हसत सांगितलंयस. टोपी हरवली म्हणून बाबांनी तुला दोन धपाटे घातले आणि तू पलंगाखाली शिरून ती शोधत बसलास. मी दारात उभी होते. टोपी कुठे आहे ते मला ठाऊक होतं, आणि मी तोंडातून अक्षर काढलं नाही. का सांगू? माझीही रिबीन होती, रुमाल होता, त्यावर मी स्वतः फूल काढलं होतं. तिने तुझी टोपी नेली आणि माझं काही म्हणता काही नेलं नाही. दहा वर्षांच्या पोरीला तो राग केवढा असतो ते आता मला सांगताही येणार नाही. मी मनात म्हटलं, शोध तू. तिची टोपी, तुझी टोपी, माझा काय संबंध!

आठवड्याने आई गेलेली होती आणि आत्या घर सांभाळायला आली होती. आई फोटोच्या आधीच गेली, असं आत्यानेच तुझ्या डोक्यात भरवलं, म्हणजे आईला आपण नकोच होतो असं समजून तू तिची वाट बघणार नाहीस. चांगल्या हेतूनेच असेल. मी मान डोलावली. पुढे मी एकोणीस वर्षांची असताना आई वारल्याचं पत्र आलं, तू तेरा वर्षांचा. तू बरं झालं म्हणालास आणि खेळायला निघून गेलास. त्या दिवशी मी तुझ्या मागे धावायला हवं होतं. नाही धावले, आणि मग प्रत्येक वर्षी ते जास्तच अवघड होत गेलं.

तीन आठवड्यांपूर्वी खोकेवाल्याचा फोन आला. हा जुने फोटो खोक्यांत भरून विकतो, म्हणून मी त्याला खोकेवाला म्हणते आणि तो मला चष्मेवाल्या बाई म्हणतो. म्हणाला, बाई, तुमची चोच तुटलेली खुर्ची सापडली. त्या म्हाताऱ्या फोटोवाल्यांच्या नातसुनेने माळा रिकामा करायला काढला होता. दोन बस बदलून गेले. बाल्कनीत खुर्ची होती आणि तिच्यावर तुळतुळीत पानांची एक कुंडी. आत न नेलेल्या फोटोंच्या अकरा पेट्या. बाई भली होती, दोनदा चहा विचारला, आणि मी सकाळपासून एकेक पाकीट उलटं करून बघत बसले. दुपारी साडेतीनला, आठव्या पेटीत, ४४१८.

आता ते कानात सांगितलेलं काम. शनिवारी इथे ये आणि माझा फोटो घेऊन जा, बाबांना सांगू नकोस. एवढंच म्हणाली होती आई. मी हो म्हटलं, आणि शनिवारी मी गेले नाही. तिची आठवण हवी असेल ती तुला, ज्याची टोपी नेली त्याने जावं, असं म्हणून घरी फरशीवर सागरगोटे खेळत बसले. सतरा वर्षांची झाल्यावर धीर करून गेले, तर तिथे चपलांचं दुकान झालं होतं. तेव्हापासून मी ही सगळी माणसं गोळा करतेय, छोट्या, त्या एका शनिवारपायी. पाकिटावर म्हातारबुवांच्या अक्षरात लिहिलंय, दोन प्रती, मोठी मुलगी येऊन नेईल. आत खरंच दोन निघाल्या. आई चोच तुटलेल्या खुर्चीत बसली आहे, मांडीवर दोन्ही हातांत तुझी कानटोपी, तिच्यात काहीतरी जिवंत असल्यासारखी धरलेली. मग सवयीने मी फोटो उलटे केले. एकावर त्याच अक्षरात पेन्सिलीने लिहिलंय, आईनेच सांगून ठेवलं असणार, ‘छोट्याला’. दुसऱ्यावर ‘मोठीला’. अठ्ठावन्न वर्षं तो फोटो माझ्यासाठी तिथे पडून होता, आणि मी माझं काहीच नाही म्हणून रुसून बसले होते. तुझा या कागदांमागे पुठ्ठ्यात घालून पाठवतेय. शनिवारीच टपालात टाकते. पुढच्या रविवारी मी फोनपाशी असेन. वाटेल ते बोल मला, पण फोन कर.

तुझी टोपी कुठे आहे हे ठाऊक असून गप्प बसलेली,
तुझीच,
ताई