डेझमंडला सोडायचं की नाही

३१ जानेवारी, शनिवार

कार्लानं दार लावून घेतलं तेव्हाच ओळखलं. आमच्या बास्केटबॉल टीमची ही जनरल मॅनेजर जेवतानासुद्धा केबिनचं दार उघडं ठेवते. दार लावलं म्हणजे कुणीतरी जाणार.

तीन टीमचा ट्रेड, म्हणजे खेळाडूंची अदलाबदल. आम्ही सिएटलला आमचा जुना खेळाडू डेझमंड द्यायचा. सिएटलनं त्यांचा एक नवा पोरगा कॅन्सस सिटीला द्यायचा. आणि कॅन्सस सिटीनं त्यांचा तो उंच सेंटर आम्हाला. बावीस वर्षांचा! रिबाउंडवर, हुकून परतलेल्या चेंडूवर, झडप घालतो नुसता. तिघांपैकी एकजण जरी मागे सरला तरी सगळंच बारगळणार. गुरुवारी डेडलाइन.

"नीला, आकडे बघ आणि मला सांग. कुणाशी बोलू नकोस," कार्ला म्हणाली.

डेझमंडच का पण?

१ फेब्रुवारी, रविवार

का ते माहितेय. तेहेतीस वर्षांचा झालाय. डिफेन्समध्ये अर्धं पाऊल उशिरा पोचतो. लांबून टाकायचे थ्री-पॉइंटर यंदा हातातून नीट सुटतच नाहीयेत. तिकडे तो सेंटर अजून दहा वर्षं खेळेल. यात विचार करण्यासारखं काही नाही. कार्लानं मला हे विचारलंच नसतं तर बरं झालं असतं.

प्रसादला सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण नवऱ्याला नाही तर कुणाला सांगू? तो फ्रीमाँटच्या ट्रॅफिकमध्ये ब्रेक दाबत म्हणाला, "अगं, तो प्रोफेशनल आहे. त्यांची बॅग कायम भरलेलीच असते."

बॅग त्याची भरलेली असेल. त्याच्या आईची नाहीये ना! गेल्या वर्षी वडील गेल्यावर त्यानं आईला जॉर्जियाहून इकडे आणलं. मिस लोरेन. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. टीम गावात असली की तो स्वतः घेऊन जातो, बाहेर गाडीत बसून मॅचचे व्हिडिओ बघतो. इथले डॉक्टर, इथलं चर्च, आत्ता कुठे त्यांच्या ओळखी झाल्यात.

हे आकड्यांत कुठे बसवू?

२ फेब्रुवारी, सोमवार

आज नेमका डेझमंडच आला. मी ट्रेडचंच बघत होते — घाईघाईनं स्क्रीन बदलली तर लेकीच्या, इशिताच्या शाळेचं पान उघडलं!

"डॉक, बुधवारच्या मॅचसाठी समोरच्या टीमच्या क्लिप्स देशील?" मी स्टॅटिस्टिक्समध्ये पीएच.डी. आहे म्हणून डॉक. खेळाडूंमध्ये माझं नाव पहिल्या दिवसापासून नीट म्हणणारा हा एकटा. बाकीच्यांचं अजून 'नायला' चालू असतं.

क्लिप्स दिल्या. निघता निघता दारात थांबला. "खरं सांग. मी संपलोय का?"

"थोडा दमलायस," मी म्हटलं.

हसला. "ममा पण हेच म्हणते."

गेल्या मे महिन्यात नागपूरला माझे बाबा वारले. व्हिसाच्या भानगडीत मला जाता आलं नाही. व्हिडिओवर अंत्यदर्शन घेतलं आणि दुसऱ्या दिवशी तशीच कामावर आले, घरी बसवेना म्हणून. कुणाला काय बोलावं कळत नव्हतं. हा आला, खुर्ची ओढून बसला. मग म्हणाला, "त्यांचं नाव काय होतं?"

एवढंच. पण ते दुसऱ्या कुणी विचारलं नव्हतं.

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज मी वाईट काम केलं. वाईट म्हणजे — आकडे पिळले. मागचे दोन सीझन धरले तर डेझमंड बरा दिसतो. फक्त मॅचच्या शेवटच्या क्वार्टरचं बघितलं तर आणखी बरा. त्याच्याबरोबर खेळताना नवी मुलं किती कमी चुकतात तेही मोजलं. मोजता मोजता एक फार देखणा ग्राफ तयार झाला. खोटा नव्हता. पण मी तो शोधत शोधत गेले होते, तो आपोआप सापडला नव्हता.

कार्लानं नुसती नजर टाकली. "हा कुणासाठी?"

मी ग्राफ बंद केला.

"मलाही डेझमंड आवडतो, नीला. म्हणूनच तुला विचारलं. माझ्यावर माझाच भरवसा नाहीये."

मग मी माझ्यावर कसा ठेवू, बाई?

घरी जेवताना इशिताला विचारलं, अगदी मोघम. तुझ्या टीममधली जुनी मैत्रीण देऊन एक चांगली खेळाडू मिळत असेल तर देशील का? तिनं ताटातून मान वर न करता विचारलं, "डझ शी गेट अ से?" म्हणजे, तिला कुणी विचारणार का?

नाही.

"देन दॅट्स मीन, आई. दुष्टपणा."

प्रसाद म्हणाला, "कोशिंबीर घे."

४ फेब्रुवारी, बुधवार

मीटिंग. सहा जण. नवे खेळाडू हेरणारा स्काउट हो म्हणाला, कोच नाही म्हणाला — कोचना कधीच कुणाला सोडायचं नसतं. मग कार्ला माझ्याकडे वळली. "हो की नाही? कारणं नकोत."

मिस लोरेन डोळ्यांसमोर आल्या. खुर्ची ओढून बसलेला डेझमंड आला. पण बाकीची चौदा मुलंही आली. जीव तोडून खेळतात आणि रिबाउंडला मार खातात. ती मला डॉक म्हणत नाहीत, माझ्या बाबांचं नाव त्यांना माहीत नाही, म्हणून त्यांचं नुकसान करायचं?

"हो," म्हणाले.

आवाज माझाच होता.

संध्याकाळची मॅच बघितली नाही. डेझमंड छान खेळला म्हणे.

५ फेब्रुवारी, गुरुवार

झालं. दुपारी जाहीर केलं.

तो लॉकर रिकामा करून थेट माझ्याकडे आला. हातात बुटांची पिशवी.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"सोमवारी पण?"

"हो."

"तू काय म्हणालीस त्यांना?"

खोटं बोलता आलं असतं. कोचचं नाव पुढे करता आलं असतं. "मी हो म्हणाले, डेझमंड."

त्यानं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"मी इतका वाईट खेळतोय?"

"नाही. तो नवा मुलगा तरुण आहे."

त्यानं मान हलवली. मग मी मूर्खासारखं बोलून गेले — तुझं तिकडे बस्तान बसेपर्यंत मिस लोरेनना डायलिसिसला मी नेईन. मनापासून म्हटलं होतं.

"नको," तो म्हणाला. अगदी हळू. "तुला बरं वाटावं म्हणून माझी आई नाही देणार मी."

गेला. बाथरूममध्ये जाऊन रडले. कार्लाला सिंकपाशी दिसले असणार. तिचेही डोळे लाल होते.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

नवा सेंटर आज विमानातून उतरला. दारातून वाकून येतो. लाजाळू आहे. सगळ्यांना सर, मॅडम. त्याच्याशी नीट बोलले. त्याचा काय दोष? त्यालाही कुणी विचारलं नव्हतंच की!

दुपारी अनोळखी नंबरवरून फोन. मिस लोरेन. "डेझमंडनं सांगितलं. तो चिडलाय, चिडू दे. मला नर्सबरोबर टॅक्सीनं जायचा कंटाळा आहे. तू येतेस का?"

गेले. वाटभर मला त्या भेंडी कशी परतायची ते शिकवत होत्या. मला! ट्रेडचा विषय त्यांनी काढला नाही. उतरताना माझ्या गालाला हात लावला. आईनं लावला असता तसा.

८ फेब्रुवारी, रविवार

सकाळी कार्लाचा फोन. ट्रेड रद्द.

सिएटलच्या डॉक्टरांनी डेझमंडची तपासणी केली. नवा खेळाडू आला की करतातच. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी फुगलीय, कधीही फुटली असती. इथल्या वार्षिक तपासणीत निसटलं होतं. तिथेच थेट ऑपरेशनला घेतलं. "काल इथे मॅच खेळला असता तर..." कार्ला म्हणाली.

आत्ता मिस लोरेनचा मेसेज आला. ऑपरेशन झालं. शुद्धीवर आलाय, पाणी मागतोय.

यापुढे तो कुठल्याच टीममधून खेळणार नाही.

पण आहे!