तेल सरल्यावरची होडी

ओगुबिरी,
१२ फेब्रुवारी २०४९

प्रिय बोमोताई,

धाकट्या बहिणीचा नमस्कार. इकडे बरं चाललंय. माझी तिमीएबी उठून बसते, माशाचं झणझणीत सार मागून पिते. तिची तान्ही लेक आजीवर, म्हणजे माझ्यावरच गेलीय, आवाज पलीकडं तुमच्या काठाला ऐकू जात असेल.

तेलविहिरीवरून आपली गावं भांडली आणि आपण बहिणींनी बोलणं टाकलं. आता ती विहीरही कोरडी. जगातलंच तेल सरत आलंय म्हणतात. माझ्या लेकीला कळा लागल्या, दाई म्हणाली, "मूल आडवं आहे, दवाखाना गाठा." काठावर इंजिनाच्या होड्या रांगेत उभ्या, पेट्रोल कुणाकडेच नाही! आमच्या पोरांना वल्हं धरता येत नाही. मग तुमच्या काठाकडे तोंड करून मी नुसती ओरडत सुटले.

चार बायका घेऊन तू आलीस. "रडशील मागाहून, आधी होडीत बस!" इतक्या वर्षांनी तुझे पहिले शब्द हे. भरतीचं पाणी उलटं रेटत होतं, आणि तू ओरडत होतीस, "अगं, नवऱ्याला ढकलता तसं ढकला!" कळा सोसतानाही तिमीएबी हसली गं.

तिला आत नेलं, मी वळून पाहिलं, तर तुम्ही माघारी निघालेल्या. आभारही मानायचे राहिले.

आणखी एक राहिलंय. गावाला सांगितलं, तुला सांगायला जीभ रेटेना. जुळी होती, ताई. मुलगा दुपारपर्यंतच राहिला. तुम्हा पाचजणींचे तळहात सोलवटले होते. वाटलं, ऐकलंत तर म्हणाल, अजून जोर लावायला हवा होता. तसं मनात आणू नकोस. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्याचं काळीजच अपुरं होतं, आणि अजून उशीर झाला असता तर तिघंही हाती लागली नसती. तो होडीतल्या चिखलपाण्यात गेला नाही, माझ्या मांडीवर, कोरड्या दुपट्यात गेला. त्याचं रडणं त्याच्या आईनं ऐकलं. एवढं तू त्याला दिलंस.

गुरुवारी मुलीचं नाव ठेवतोय. आमची माणसं कुरकुरतील, कुरकुरू देत. त्या चौघींनाही आण. आधी त्याच्या मातीपाशी जाऊ, आपण दोघीच. मग घरी येऊन पोरीला मांडीवर घे.

वाट बघतेय,
तुझीच, मध्ये कितीही वर्षं गेली तरी तुझीच,
तारीएरे