पुलाखालचा कोट

३ डिसेंबर

आज घोळ झाला! सकाळी आठची नोंद. यंदा हिवाळ्यातही पाऊस थांबत नाही. पुलाखालच्या पायऱ्या उतरले, खांबावरच्या मोजपट्टीशी वाकले, नदीचं पाणी बघितलं. ह्यांच्या पद्धतीनं दोनदा मोठ्यानं म्हटलं — दोन मीटर चौदा, दोन मीटर चौदा — आणि वही उघडेपर्यंत बाहीतून पाण्याची धार थेट पानावर. पेन्सिल टेकवली तर कागदच फाटला.

साहेब ओरडले नाहीत. त्याचंच जास्त लागलं. "बाई, हिवाळाभर बघू. नोंदी धड आल्या तर जागा तुमची. नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

ह्यांची जागा. एकोणीस वर्षं हे त्या पायऱ्या उतरले. जाऊन दीड वर्ष झालं. हृदयानं गेले, थंडीनं नाही — डॉक्टरांनी मला तीनदा समजावलं. मागे राहिला हा कोट, वह्या आणि पेन्सिलींचा डबा. त्यातली एक बुटकी पेन्सिल, पकड सुटू नये म्हणून हे तिला कापडाची चिंधी गुंडाळत, वरून दोरा. मीही तशीच वापरते.

४ डिसेंबर

परत ओली. आतलं पोलकंसुद्धा.

५ डिसेंबर

कोट उलटा करून वाळत घातला. आतला थर कांद्याच्या सालीसारखा सुटतोय. इतकी वर्षं हे भिजून यायचे नि म्हणायचे, "अगं, नदीच अंगावर येते, कोट काय करणार!"

आणि मी काय कमी जपला? दर रविवारी कढत पाण्यात सोडा टाकून धुवायची, वर कडक इस्त्री. पुलावर एवढा देखणा कोट कुणाचा नव्हता!

८ डिसेंबर

लेक घेऊन गेली दुकानात. दुकानदारानं आधी काढलं ते जांभळं, गुबगुबीत जॅकेट — घातलं तर मी गादी दिसायला लागले. लेक हसून हसून खुर्चीत बसली. "आई, छान आहे गं, ऊबदार आहे!" ऊब आहे. पण कॉलरच्या आतलं बारीक अक्षर मी वाचलं: हलक्या सरींसाठी. नदीकाठी हलकी सर कुणी पाहिलीये?

दुकानदार म्हणाला, "मावशी, इतकं कुणी वाचत नाही हो."

म्हटलं, "मी पन्नाशीत वाचायला शिकले. वसूल करतेय."

खरंच शिकले. पुड्यांच्या कागदांवरून, डब्यांवरून, ह्यांच्या वर्तमानपत्रावरून. कुणी शिकवलं नाही. ह्यांनी पकडेपर्यंत सहा महिने लपवलं होतं! तेव्हा हे कपाळाला हात लावून म्हणाले होते, "संपलं! आता ह्या घरात माझं काही लपून राहायचं नाही." त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी एकच पेपर वाटून वाचला.

काही घेतलं नाही. लेक चिडली. "आई, तू जॅकेट घेतेयस की जावई शोधतेयस?"

९ डिसेंबर

काय हवं ते लिहून काढलं. वाकल्यावर पाठ उघडी पडू नये. हात वर केला तर बाही कोपरापर्यंत जाऊ नये. टोपी मानेबरोबर वळावी. वहीला आतून खिसा. आणि कापड चुरचुरणारं नको — पाणी चढायला लागतं तेव्हा त्याचा आवाज आधी बदलतो. हे सांगायचे, पट्टी नंतर बघ, आधी ऐक.

११ डिसेंबर

एकटी गेले. दुकानात उकिडवी बसले, हात वर केले, मान फिरवली. गिऱ्हाइकं बघत राहिली. बघोत! करड्या रंगाचं एक बरं वाटलं. शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली. आवाज नाही. दुकानदाराकडे पेलाभर पाणी मागितलं, बाहीवर ओतलं.

"मावशी, कोट घ्यायचाय की आंघोळ करायचीय?"

"दोन्ही," म्हटलं. "आंघोळ घरी करते. ओली निघाले तर परत आणीन."

बिचारा हो म्हणाला.

घरी मोरीत स्टुलावर बसले, जॅकेट घालून, आत वर्तमानपत्र खोचलेलं. लेकीनं वरून तीन बादल्या ओतल्या. तिसरी अंमळ जोरातच! पेपर काढला — कोरडा ठाक. तिथंच बसून दोघींनी मोठ्यानं वाचला.

१२ डिसेंबर

दोन मीटर एकतीस. आडवा पाऊस. वही कोरडी. मी पण.

१४ डिसेंबर

नव्या जॅकेटच्या लेबलवर काय काय लिहिलंय! गरम पाणी नको, सोडा नको, इस्त्री नको. मनात पाल चुकचुकली. ह्यांच्या कोटाची कॉलर उलटून पाहिली. लेबल नाहीच. नुसती चार दोऱ्यांची टोकं. जुन्या कोटांना हे लाड नसतील.

कोट खुंटीला परत लावला. कुणाला द्यायचा नाही.

६ जानेवारी

पाणी चढलं. आधी ऐकू आलं! तीन मीटर दोन. साहेबांना लगेच कळवलं. म्हणाले, "शाब्बास." एवढंच. पुरे.

२८ फेब्रुवारी

जागा माझी! साहेबांनी वही पहिल्यापासून चाळली. एकही पान फाटलेलं नाही — ते एक सोडून. लेकीनं मिठी मारली. म्हणाली, "बाबा असते तर..." दोघीही रडलो नाही.

१ मार्च

बुटकी पेन्सिल संपली. चिंधी नव्या पेन्सिलीला लावावी म्हणून दोरा सोडला. आतल्या बाजूला अक्षरं. पुसट, पण वाचली. कढत पाण्यात धुवू नये. सोडा वापरू नये. इस्त्री करू नये, आतला थर सुटून पाणी शिरते.

कडा कात्रीनं नीट कापलेल्या. मी वाचायला लागले तेव्हाच कापलं असणार.

नव्या पेन्सिलीला गुंडाळलं. अक्षरं बाहेरच्या बाजूला.